किरण साहेब किती वाजता येते?

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्याला आमच्या वऱ्हाडात पेंटरच समजतात. पोळ्याला बैलांची शिंगं झाली, ग्रामपंचायतीचं गेटही झालं. म्हणून तालुक्याच्या तीस खाटांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "सर, पेशंट दिवसभर रस्ताच विचारतात, जरा पाट्या करून द्या," तेव्हा सुटका नव्हतीच.

मी रीतसर हिशेब केला. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर इंचभर हवं. गेटापासून व्हरांडा चाळीस फूट, म्हणजे चार इंच. त्या मापात 'शस्त्रक्रियागृह' लिहायला घेतलं आणि 'क्रि'पाशीच पत्रा संपला. गेटावर झोकात लाल क्रॉस काढला, तर डॉक्टर धावत आले. ते चिन्ह 1960 च्या कायद्यानं परवानगीशिवाय वापरता येत नाही. टर्पेंटाइननं पुसलं.

सोमवारी कौतुक ऐकायला गेलो. कडुनिंबाखाली एक आजी बसल्या होत्या. "दोन घंटे झाले ना बाप्पा! नातवानं वाचलं, बाह्यरुग्ण. म्या म्हटलं, बाहेरच बसा लागत असन."

त्यांना आत पोचवून येतो, तर 'क्ष-किरण' पाटीखाली एक भाऊ, हात गळ्यात बांधलेला. "सर, हे किरण साहेब किती वाजता येते?"

मास्तरकी उसळली. म्हटलं, 1895 साली रोंटजेन नावाच्या शास्त्रज्ञाला हे किरण कसले तेच उमगेना, म्हणून त्यानं त्यांना एक्स म्हटलं. आपण त्याचा क्ष केला.

"म्हंजे एक्सरेच ना! मंग तसं लिहा ना, कायले तरास देता?"

शुद्ध मराठीवर माझं प्रेम आहे, पण मोडक्या हातापुढं ते टिकलं नाही. पाटी बदलली.

'सरळ जा' म्हणून वर टोक केलेल्या बाणानं तिघांना गच्चीवर नेलं. वाळत घातलेल्या चादरींत ते ड्रेसिंगची खोली शोधत होते.

शेवटी अक्षरच नको म्हटलं. गेटापासून एक्स-रेच्या दारापर्यंत फरशीवर पिवळा पट्टा ओढला. दुसऱ्या सकाळी त्यावर चपला! लाइन दिसली की नंबर लावायचा, एवढं सगळ्यांना पाठ. रबरी स्लिपर, पावसाळी बूट, एका जागी नुसता दगड आणि त्याखाली केस पेपर.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात कालच्याच आजी गेटाशी एका बाईला सांगताना दिसल्या, "एक्सरे ना? त्या चपलाइच्या मांगं मांगं जाय."

बाई निघाली. कुणालाही न विचारता दारात पोचली.