‘सप्रेम भेट’ आणि आपण बडोदेकर

परवा दांडियाबाजारात एका पुस्तकाचं प्रकाशन होतं. लेखिका आमच्या ओळखीच्या. हॉल भरलेला, भाषणं लांबलेली, चहा-बटाटेवडे यथासांग. दारापाशी टेबलावर वीस प्रती मांडल्या होत्या. निघताना पाहिलं तर सोळा तशाच. गेलेल्या चारांपैकी दोन पाहुण्यांना ‘सप्रेम भेट’. वडे मात्र संपले होते.

दुसऱ्यांना कशाला बोलू? मीही निघताना म्हटलंच, “ताई, माझ्यासाठी एक ठेवा हं!” त्या हसून “हो हो” म्हणाल्या. या ‘ठेवा हं’मध्ये पैशांचा विषय नव्हता, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. रिक्षात बसल्यावर लाज वाटली.

मला वाटतं, आपण बडोदेकर या बाबतीत जरा लाडावलेले आहोत. सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, गावोगावी वाचनालयं काढली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. ग्रंथ लिहून घ्यायला आणि छापायला पैसाही दिला. राजाने खर्च करायचा आणि प्रजेने वाचायचं! 1949 साली संस्थान विलीन झालं. पण पुस्तकाचे पैसे दुसरं कुणीतरी भरणार, ही समजूत काही गेली नाही.

आता हिशेब बघा. प्रकाशकाने काढलेलं पुस्तक तीनशे रुपयांचं असेल आणि रॉयल्टी दहा टक्के धरली, तर लेखकाच्या हाती एका प्रतीमागे तीस रुपये. आपल्याकडे तेवढ्यात शेवउसळसुद्धा येत नाही. या ताईंनी तर छपाईचा खर्च स्वतःच केलाय. म्हणजे आपण फुकट मागतो ती प्रत त्यांनी आधी विकत घेतलेली असते. आणि वर मंगळबाजारात उभं असल्यासारखं “किती कमी करणार?” हेही विचारायचं.

सगळ्यांनी सगळं विकतच घ्यावं असं मी म्हणत नाही. पेन्शनीत ते जमत नाही, घरात जागाही नसते. मग वाचनालयात जाऊन ‘हे पुस्तक मागवा’ असं सांगा. एक प्रत तर खपतेच, शिवाय पन्नास जण वाचतात. ब्रिटनमध्ये वाचनालयातून पुस्तक वाचायला नेलं की लेखकाला थोडे पैसे मिळतात, 1979 सालापासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे तसलं काही नाही, म्हणून निदान ती एक प्रत तरी विकत घेतली जावी. जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकाचा लेखकाला पैसा मिळत नाही, पण पुस्तक फिरत राहतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ग्रुपवर ‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ विचारणाऱ्यांबद्दल. लेखक जिवंत आहे, कधीकधी त्याच ग्रुपमध्ये आहे, आणि आपण त्याच्यासमोर त्याचंच पुस्तक वाटतोय!

मराठी पुस्तक इथे दुकानात मिळत नाही, ही सबबही आता लंगडी झालीय. प्रकाशकाला फोन केला की टपालाने येतं. मधे पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची सोय, रजिस्टर बुकपोस्ट, बंद झाली तेव्हा अडचण होती खरी, पण 2025 च्या मे महिन्यापासून त्यासाठीच टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सुरू आहे.

आणि वाचून झाल्यावर नुसतं ‘छान लिहिलंय’ म्हणून सोडू नका हो. ते तर लोक न वाचताही म्हणतात. कुठल्या पानावर थांबलात, कुठलं पात्र पटलं नाही, ते कळवा. ‘तुमच्या गोष्टीतली आजी खोटी वाटते’ असं कुणीतरी लिहिलेलं पोस्टकार्ड या ताईंनी वीस वर्षं जपून ठेवलंय. मला त्यांनी ते कौतुकाने दाखवलं होतं.

तर, काल सकाळी त्यांच्या घरी गेले. दिवाणाखाली गठ्ठे होते, सुतळीसकट. तीन प्रती काढायला लावल्या, एक मला, एक भाचीला, एक आमच्या वाचनालयाला. “तुझ्याकडून कसले पैसे गं!” झालंच. शेवटी जिना उतरताना यूपीआयने पाठवले, पूर्ण किंमत.

रात्री दीडशे रुपये परत आले. खाली मेसेज: ‘घरच्या माणसाला सूट.’

मी पुन्हा पाठवलेत. आता बघू, आधी कोण दमतं.