पाणी, श्वे आणि वॉटर

मागच्या वर्षी लेकीला मँडरिन इमर्शनच्या शाळेत घातलं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या आमच्या अर्ध्या सनीवेलनं आणि अख्ख्या सासरनं एकच प्रश्न विचारला, "चिनी? कशाला?" खरं कारण सांगायला लाज वाटते. शाळा घराजवळ होती आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या तिघांची मुलं तिथंच जात होती. चीनची बाजारपेठ, मेंदूचा विकास वगैरे मी नंतर जुळवलं. फी विचारू नका. बे एरियातल्या अशा खाजगी शाळांत वर्षाला ४० हजार डॉलर सहज लागतात. आईला सांगताना मी त्याचे रुपये केलेच नाहीत.

इमर्शन म्हणजे भाषेचा तास नव्हे. गणित, चित्रं, डबा, रांग, 'त्यानं मला ढकललं'ची तक्रार, सगळं त्याच भाषेत. लाओशी, म्हणजे बाई, इंग्रजी उत्तम येत असूनही येत नसल्यासारखं वागतात. पहिल्या आठवड्यात आम्हाला काचेतून बघू दिलं. लाओशींनी पेला उचलून काहीतरी विचारलं. वर्ग चिडीचूप. आमच्या बाईसाहेबांनी हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, "पाणी!"

आजूबाजूचे पालक हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. तिच्या डोक्यात दोनच खण होते: एक इंग्रजीचा आणि दुसरा 'इंग्रजी चालत नाही तेव्हाचा'. त्या दुसऱ्या खणात मराठी होती, नीट घडी घालून ठेवलेली. घरी तो खण उघडायची वेळच यायची नाही, कारण घरी 'वॉटर' म्हटलं तरी पाणी मिळतं.

ही पद्धत आईबापांनीच भांडून मिळवलेली आहे. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतात माँट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट म्हणून गाव आहे. तिथल्या इंग्रजीभाषक पालकांना दिसत होतं, की शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचचा तास होतो, पण पोरांना फ्रेंच शेजाऱ्याशी चार वाक्यं बोलता येत नाहीत. त्यांनी स्कूल बोर्डाच्या मागं लागून १९६५ साली २६ मुलांचा बालवर्ग पूर्णपणे फ्रेंचमध्ये सुरू करायला लावला. इंग्रजी वाचन थेट दुसरीत. मॅकगिल विद्यापीठातले वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते. इंग्रजीत मुलं मागं पडली नाहीत, आणि फ्रेंच तर नुसता तास असणाऱ्यांपेक्षा कितीतरी पुढं गेलं. (अगदी फ्रेंच मुलांसारखं बोलणं मात्र बहुतेकांना जमत नाही. कळतं सगळं, बोलताना व्याकरण लंगडतं. शाळा बघायला गेलं की हे कुणी सांगत नाही.)

हे सगळं वाचून मी खूश होते, तेवढ्यात पुण्याहून मामेबहिणीचा फोन. "आमच्याकडे पण इमर्शनच की गं! इंटरनॅशनल शाळा, घरी पण इंग्रजीच बोलतो आम्ही." आणि लगेच तिचाच आवाज, पोराला, "बेटा, हँड वॉश कर, मग बनाना खा."

इथं मला थांबावंसं वाटतं. सेंट लॅम्बर्टच्या पोरांच्या घरी इंग्रजीला कुणी धक्का लावला नव्हता. आईबाप, टीव्ही, दुकान, सगळीकडे इंग्रजीच, आणि मान तर तिलाच. फ्रेंच वरून आली. लॅम्बर्ट यांनीच पुढं हा फरक मांडला: एका द्विभाषिकतेत भाषेची भर पडते, दुसरीत वजाबाकी होते. पुण्यात इंग्रजी वरून येते, पण खालची मराठी आपणच काढून घेतो. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, चांगलं झालं. पण तो तासच. तासानं काय होतं ते कॅनडातल्या आईबापांना साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं.

बहिणीला बोलायचा मला अधिकार किती, हा प्रश्न आहेच. न्यूझीलंडमध्ये माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची भाषा, बोलणारी मधली पिढी जवळजवळ संपत आली होती, म्हणून १९८२ पासून त्यांनी 'कोहांगा रेओ' सुरू केल्या, म्हणजे भाषेची घरटी. तान्ह्या पोरांजवळ भाषा येणाऱ्या आजीआजोबांना बसवलं आणि बोलणं फक्त माओरीतच. आमच्याकडे ते घरटं फुकटात आलं होतं. सासूबाई सहा महिने राहून गेल्या. आणि आम्ही दिवटे त्यांना काय म्हणालो? "आई, तिच्याशी थोडं इंग्रजीत बोलत जा, तुमचीही प्रॅक्टिस होईल." त्या बिचाऱ्या "ईट, ईट" करत तिच्यामागं वरणभात घेऊन फिरायच्या.

म्हणून मी लाओशींची युक्ती चोरायची ठरवली. रविवारची मराठी शाळा आहेच, पण ती आठवड्यातून एकदा. रोज संध्याकाळी सहानंतर मला इंग्रजी येत नाही. पहिल्या दिवशी लेक म्हणाली, "आय वॉन्ट मिल्क." मी म्हटलं, "काय? कळलं नाही बाई." तिनं माझ्याकडे बघितलं. मग इंग्रजीतच समजावलं, की तुला येतं, मला माहितेय. लाओशींना पण येतं, पार्किंगमध्ये त्या फोनवर बोलत होत्या, मी ऐकलं.

पण लाओशींसमोर ती हे म्हणत नाही. तिथं निमूट 'श्वे', म्हणजे चिनीतलं पाणी, मागते. फरक माझ्यात आहे. मी दुसऱ्या मिनिटाला हसते, आणि नवरा तर सरळ फ्रीज उघडतो.

काल आठवा दिवस. "दूध दे, गरम नको" आलं. "हे माझं नाही, दादाचं आहे" आलं. मग मोजे कुणाचे यावरून भावाशी जुंपली, आणि ते सगळं भांडण इंग्रजीत झालं.