कोण ॲडमिट आहे?

खात्यातून १,३८६ रुपये गेले होते. कुणाला, तर जन्मात न ऐकलेल्या एका इंग्रजी नावाला. त्यापुढे ‘हॉस्पिटा’ एवढंच, मग ‘गुरगाव’. उरलेली अक्षरं पासबुकाच्या रकान्यात मावली नव्हती.

सदाशिव पेठेतल्या आमच्या शाखेत पासबुक छापायचं मशीन दाराशीच ठेवलंय. त्यामुळे तुमची सांपत्तिक स्थिती आधी रांगेला कळते, मग तुम्हाला. मागचे काका माझ्या खांद्यावरून वाचत होते.

“हॉस्पिटल,” ते म्हणाले. “कोण ॲडमिट आहे?”

“कुणी नाही हो.”

“मग गुरगावला कशाला नेलंत? पुण्यात काय हॉस्पिटलं कमी आहेत?”

रांगेतल्या एका बाईंनी च्-च् केलं. “वय काय पेशंटचं?” त्यांनी हळूच विचारलं.

ही फसवणूक दिसतेय, असं मी म्हणताच काकांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या पासबुकाच्या मागच्या बाजूला (माझ्या!) आकडेमोड सुरू केली.

“चोर असले आकडे उचलत नाही. हे बिल आहे. पाच टक्के जीएसटी काढा, सहासष्ट. उरले तेराशे वीस. त्यातला दहा टक्के सर्व्हिस चार्ज काढा. बाराशे! बरोब्बर बाराशे! हॉटेलात गेला होतात तुम्ही. हॉस्पिटॅलिटी आहे ते, हॉस्पिटल नव्हे.”

जसं काही हॉस्पिटल मीच म्हटलं होतं.

“शनिवारी बाणेरला गेलो होतो, पण त्याचं नाव तर...”

“पाटी वेगळी, कंपनी वेगळी. कार्डाचं मशीन जिच्या नावावर, तिचं नाव येणार. बाराशेचं काय खाल्लंत?”

“दोघं होतो.”

“तरी.”

च्-च् वाल्या बाईंची सहानुभूती तिथेच आटली.

आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याला यूपीआयने दिलेले पैसे त्याच्या मेव्हण्याच्या नावाने दिसतात. पण तो मेव्हणा निदान गल्ल्यावर बसलेला असतो. इथे बाणेरला जेवायचं आणि पैसे गुरगावला पाठवायचे! बरं, खरंच चोरी असती तर? रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर बाहेरच्या भामट्याने मारलेल्या पैशांचा भुर्दंड आपल्यावर येत नाही. पण भामटा कोण आणि पनीरवाला कोण हे तीन दिवसांत ओळखायचं कसं? दर वेळी काका कुठून आणायचे?

“सर्व्हिस चार्ज का दिलात पण?” काका सोडेनात. “२०२२च्या जुलैतच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय, बिलात आपोआप लावायचा नाही. दिल्ली हायकोर्टानेही मार्च २०२५मध्ये तेच धरलं. लावा फोन. स्पीकरवर!”

लावला. पलीकडून मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, तेव्हाच सांगायचं ना, काढून टाकला असता.”

म्हणजे त्यांनी न विचारता लावायचा आणि मी चारचौघांत कंजूस ठरून काढायला लावायचा. एकशे वीस रुपये सेवेचे, ज्या सेवेत पाणी मागून मागून घसा सुकला होता. वर त्या सेवेवरचा सहा रुपये जीएसटी. एकशे वीस एक वेळ विसरेन. ते सहा रुपये मात्र डोक्यात गेलेत.

“१९१५ला तक्रार करा,” काकांनी ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही पासबुकावरच लिहिला आणि पेन परत खिशाला लावलं.

मग त्यांची पाळी आली. मशीनने कुरकुरत पान छापायला घेतलं. मी जरा मान पुढे केली, तर काकांनी मध्ये भाजीची पिशवी आडवी धरली.