मामाला जिंकू दे

परवा संध्याकाळी माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने मला मुद्दाम जिंकू दिलं.

हरलो असतो तर एवढं लागलं नसतं. पोकेमॉन या व्हिडिओ गेमचे आधीचे तीन डाव हरलोच होतो, आणि दर वेळी "अरे वा, मस्त!" म्हणत मोठेपणाही मिरवून घेतला होता. या गेममध्ये पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि लढवायचे असतात. पण चौथ्या डावात त्याच्या विजेच्या पोकेमॉनने माझ्या जमिनीच्या पोकेमॉनवर वीज सोडली. काहीच झालं नाही. परत सोडली. परत काही नाही. अशी एकूण चार वेळा. जमिनीवर वीज चालत नाही, हा या खेळातला १९९६ पासून न हललेला नियम आहे, आणि तो या पोराला मीच शिकवलाय, तो सहा वर्षांचा असताना. मी जिंकलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "छान खेळलास मामा!" हा आवाज माझ्या चांगलाच ओळखीचा होता. तो लहान असताना पत्त्यांत मुद्दाम हरून मी हाच आवाज काढायचो.

मग मी उठलो, कपाटाच्या वरच्या खणातून माझा जुना गेम बॉय, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, काढला, त्यात चार पेन्सिल सेल कोंबले आणि पोकेमॉनची निळी कॅसेट खुपसली. म्हटलं, ये इकडे, खरा खेळ काय असतो ते बघ.

गेम सुरू झाली. पहिल्या पडद्यावर 'पुढे चालू' हा पर्याय असायला हवा होता. नव्हता. फक्त 'नवा खेळ'. त्या काळच्या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो आणि सेव्ह केलेलं सगळं त्याच्या जिवावर टिकतं. तो सेल मेला की सगळं गेलं. म्हणजे माझा सत्त्याऐंशी लेव्हलचा चारिझार्ड गेला, आठही बॅज गेले, एक अख्खी सुट्टी गेली. आतून गलबललो, पण शेजारी प्रेक्षक बसलेला.

"तुझं सेव्ह कुठंय?" त्याने विचारलंच.

"मीच पुसलं मागे. नव्याने खेळायला मजा येते."

ही थाप लक्षात असू द्या.

तर भाचा. माझ्या डाव्या खांद्याला हनुवटी टेकवून बसला आणि तपासनिसाच्या थाटात त्याने चौकशी सुरू केली. आधी बोटाने पडदा सरकवून पाहिला. तो हलला नाही. मग म्हणाला, "ब्राइटनेस कुठून वाढवायचा?" मी म्हटलं, खिडकीपाशी सरक. त्याला तो विनोद वाटला. मी खरंच सरकलो, तेव्हा हसायचा थांबला.

सुरुवातीलाच प्रोफेसर ओक येतात, पोकेमॉनच्या दुनियेची ओळख करून देतात, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या पोराकडे बोट दाखवून म्हणतात, हा माझा नातू, याचं नाव काय बरं?

"थांब थांब. त्यांना स्वतःच्या नातवाचं नाव माहीत नाही?"

"विसरलेत."

"आणि ते प्रोफेसर आहेत?"

"म्हणूनच."

नातवाला, म्हणजे माझ्या प्रतिस्पर्ध्याला, नाव मीच द्यायचं असतं. मी भाच्याचं दिलं. सात अक्षरांत बसवायला एक अक्षर कापावं लागलं. मग पहिला पोकेमॉन म्हणून मी चार्मँडर घेतला. नातवाने ताबडतोब स्क्वर्टल घेतला, कारण तो पाण्याचा आणि माझा आगीचा. त्या गेममध्ये नातू हेच करतो. तुम्ही काहीही निवडा, तुमच्यावर भारी पडणारंच तो उचलतो. आणि तिथल्या तिथे लढाईला उभा राहतो.

"आग सोड!" भाचा ओरडला.

"आग नाहीये अजून."

"आगीचा पोकेमॉन आहे ना?"

"हो. पण आग नवव्या लेव्हलला येते. आत्ता फक्त ओरबाडता येतं."

"मग तो आगीचा कसा?"

या प्रश्नाला १९९६ साली जपानमध्ये कोणाकडे उत्तर होतं की नाही ठाऊक नाही, माझ्याकडे नव्हतं. मी ओरबाडलं. स्क्वर्टलने शेपूट हलवलं. मी पुन्हा ओरबाडलं. त्याने धडक मारली. असं ओरबाडणं-धडकणं बराच वेळ चाललं आणि मी हरलो. पडद्यावर भाच्याच्या नावाचा पोरगा मला टोमणा मारून निघून गेला. खांद्यावरचा भाचा गप्प होता. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "मामा, हा तुला जिंकू देत नाही?"

"नाही."

"मग हा तुझा मित्र कसा?"

त्याच्या गेममधले प्रतिस्पर्धी खरंच मित्र असतात. हसतात, पाठ थोपटतात. २०१६ च्या 'सन' आणि 'मून'मध्ये तर तुमचा जोडीदार तुमच्यापुढे कच्चा पडेल असाच पोकेमॉन स्वतःहून निवडतो. तुम्ही आग घेतलीत की तो पाला घेणार. म्हणजे मामाला जिंकू द्यायचं, हे बाळकडू पोरांना गेममधूनच मिळतंय. मी उगाच बहिणीच्या संस्कारांवर संशय घेत होतो.

पुढचं काम होतं पार्सलचं. शेजारच्या गावात चालत जायचं, दुकानदार प्रोफेसरांचं पार्सल हातात देतो, ते घेऊन चालत परत यायचं. चालतच. पळायचे बूट या मालिकेत आले २००२ साली, त्याआधी जगातला भावी सर्वश्रेष्ठ ट्रेनर रस्त्याने रमतगमत जायचा.

"म्हणजे तू कुरिअरवाला आहेस?"

"तात्पुरता."

"आणि हा आजोबा रस्त्यात का आडवा पडलाय?"

गावाच्या उत्तरेला एक म्हातारा रस्त्यावर पडलेला असतो आणि पुढे जाऊ देत नाही. नंतर कळतं की त्याची कॉफी व्हायची होती. भाच्याने सुचवलं, वरून उडी मार. म्हटलं, उडी नाही. बाजूने जा. बाजूला जागा नाही. मग त्याने आपल्या यंत्रावर मला दाखवलं, त्याच्या २०२२ च्या गेममध्ये एक दणकट सरड्यासारखा प्राणी त्याला पाठीवर घेऊन धावतो, पोहतो, उभा कडा सरसर चढतो आणि वरून तरंगत खाली येतो. "मामा, माझ्याकडे हा आहे. आणि तू एका आजोबामुळे थांबलायस."

इथे मी चिडलो. खरा चिडलो. मी त्याला सांगितलं की आजोबा काहीच नाहीत, पुढे एक झुडूप लागतं. गुडघ्याएवढं. माझ्या चार्मँडरच्या शेपटीला चोवीस तास आग लागलेली आहे, तरी ते झुडूप जळत नाही. त्यासाठी जहाजावर जाऊन, बोट लागलेल्या कप्तानाची पाठ चोळून 'कट' नावाची विद्या मिळवावी लागते. ती एखाद्या पोकेमॉनला शिकवली की त्याच्या चार विद्यांपैकी एक जागा तिने कायमची अडवली, कारण ती विसरता येत नाही. सगळ्या ट्रेनरांकडे झुडपं कापायला, अंधारात दिवा धरायला आणि धोंडे ढकलायला ठेवलेला एक गडी असायचा. त्याला लढाईला कधी कोणी पाठवलं नाही. त्याच्या नावाने टाळ्या नाहीत. २०१६ मध्ये या विद्याच काढून टाकल्या. बरं झालं, पण त्या गड्याला कोणी कधी निवृत्तिवेतन दिलं का?

भाचा म्हणाला, "मामा, तू कोणाबद्दल बोलतोयस?"

असो.

सांगायचं असं की जुनी गेम माझ्या आठवणीत होती तेवढी चांगली नाहीच आहे. हे मी त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. पिशवीत वीसच प्रकारच्या वस्तू मावतात. पोकेमॉनला विष लागलं की चालताना दर चौथ्या पावलाला पडदा लुकलुकतो आणि त्याचा जीव एकाने कमी होतो. स्वतःचं बळ वाढवायची 'फोकस एनर्जी' म्हणून एक युक्ती आहे, ती चुकून उलटी लिहिली गेलीय. वापरली की वर्मी घाव बसायची शक्यता वाढण्याऐवजी घटते. वर्षानुवर्षं आम्ही ती भक्तिभावाने वापरली.

आणि सायकल. सायकलची किंमत दहा लाख. तुमच्या पाकिटात जास्तीत जास्त मावतात नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. म्हणजे जन्मभर लढलात तरी एक कमीच. लहानपणी मी खरंच पैसे साठवायला घेतले होते. सायकल मिळवायची रीत निराळीच आहे. पलीकडच्या शहरात एका पोकेमॉनप्रेमी मंडळाचे अध्यक्ष बसलेले असतात. त्यांच्या लाडक्या पोकेमॉनचं कौतुक त्यांच्या तोंडून निमूट ऐकून घेतलं की ते खूश होऊन फुकट सायकलचं कुपन देतात. पुढे नोकरीला लागल्यावर हे ज्ञान जितकं उपयोगी पडलं, तितकं शाळेत शिकलेलं काहीही पडलं नाही.

ही सगळी कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी त्यांना किडे गोळा करायचा नाद होता, आणि दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहून त्यांना त्या तारेतून किडे इकडून तिकडे सरकताना दिसले म्हणे. त्यातूनच अदलाबदल आली. काही पोकेमॉन तर दुसऱ्याला दिल्याशिवाय पूर्ण वाढतच नाहीत. हाँटरचा गेंगर व्हायचा तर तो मित्राच्या यंत्रात पाठवायचा, तिथे त्याचं रूप बदलणार, मग मित्राने तो परत पाठवायचा. या वाक्यातला शेवटचा भाग कायद्याने बंधनकारक नाही. माझ्या वर्गातल्या एकाने "उद्या देतो" म्हणून माझा गेंगर ठेवून घेतला आणि उन्हाळ्यानंतर शाळा बदलली. आज तो एका मोठ्या हुद्द्यावर आहे. अधूनमधून त्याचा फोटो दिसतो, सुटातला, हसरा. माणूस हसतो कसा, हेच मला कळत नाही.

आता भाचा एक बटण दाबतो आणि जगाच्या कुठल्याही टोकाच्या अनोळखी माणसाशी अदलाबदल करतो. कोणी कोणाचं तोंड पाहत नाही, त्यामुळे कोणी कोणाला फसवतही नाही. लढाईत कुठला हल्ला प्रभावी पडेल ते बटणावरच लिहून येतं. अनुभवाचे गुण एकाने कमावले की सहाही जणांना वाटले जातात, आणि आता ही सोय बंदही करता येत नाही. शाळेतल्या गटप्रकल्पासारखं, राबायचं एकाने आणि गुण सगळ्यांना. मी राबणारा होतो, म्हणून मला ते झोंबतं. आणि तरी खोटं कशाला बोलू, माझ्या नव्या गेममध्ये मी या सगळ्या सोयी बिनदिक्कत वापरतो. वापरूनही तीन डाव हरतो.

एवढं भाषण होईपर्यंत गेम बॉय माझ्या हातातून त्याच्या हातात कधी गेला, कळलंच नाही. "मला एकदा त्या मुलाला हरवायचंय," तो म्हणाला. त्या मुलाला त्याचंच नाव होतं, तरी त्याला त्याचा भयंकर राग आला होता. त्याने खेळ पहिल्यापासून सुरू केला. प्रतिस्पर्ध्याला माझं नाव दिलं, हे मी मागून पाहिलं. तोही पहिली लढाई हरला. काही बोलला नाही, नुसता खिडकीच्या आणखी जवळ सरकला. पार्सल पोचवलं. आजोबा उठले. जंगलात शिरला. तिथे पिकाचू मिळतो, पण फार क्वचित, हे मी सांगून चुकलो. मग काय, गवतातून मागेपुढे, मागेपुढे. जेवायला तीन हाका मारल्या तरी "आलो, आलो". विष लागल्यावर पडदा लुकलुकला तेव्हा दचकून त्याने माझं मनगट पकडलं. मी म्हटलं, पावलं मोज. तो मोजत मोजत गावापर्यंत परत आला. एक पाऊल उरलं होतं म्हणे.

पिकाचू नाही मिळाला. मेटापॉड मिळाला. हा जंगलात पकडला तर त्याला एकच विद्या येते, अंग कडक करण्याची. समोरचा मारतोय आणि हा कडक होतोय. भाच्याने त्याचं नाव 'मामा' ठेवलं.

"का रे?"

"हा पण काही करत नाही. नुसता कडक होतो."

रात्री साडेदहाला बहिणीने यंत्रच काढून घ्यायची धमकी दिली. त्याने घाईघाईने मेनू उघडला, सेव्हवर गेला, बटण दाबलं. खेळ सेव्ह झाला, असं पडद्यावर स्पष्ट आलं. तसं ते येतंच, सेल मेलेला असला तरी. गेमला काय कळतंय.

त्याने बंद करायच्या खटक्यावर अंगठा ठेवला आणि मान वर करून विचारलं, "मामा, झालं ना सेव्ह? मामा जाणार नाही ना?"

मला त्या चार विजा आठवल्या. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान खेळलास," मी म्हणालो.

त्याने खटका ओढला.