चालू होऊन बंद पडलं, म्हणजे कार्बोरेटर गेला?

गवत कापायच्या पेट्रोल मशीनबद्दल आणि त्याच्या कार्बोरेटरबद्दल (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) एक मेसेज कित्येक दिवस फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘मशीन चालू होऊन बंद पडत असेल तर कार्बोरेटर गेला. साफ करत बसू नका, नवा टाका. सोबत (ठिणगी पाडणारा) स्पार्क प्लगही बदला. तोवर चोक (हवा अडवणारी झडप) अर्धा ओढून, एअर फिल्टर काढून काम भागवा. पेट्रोलला दोष देऊ नका, बंद टाकीतलं पेट्रोल खराब होत नसतं.’

मेसेज टिकून आहे, कारण नवा कार्बोरेटर टाकल्यावर बऱ्याचदा मशीन चालायला लागतं. पण तो बसवताना जुनं पेट्रोल सांडून जातं, गॅस्केट (सांध्यातलं पातळ पॅकिंग) नवं पडतं, पाइप काढून घातला जातो. यातल्या नेमक्या कशाने काम झालं ते कोणी बघत नाही. श्रेय कार्बोरेटरला.

‘चालू होऊन बंद पडतं’ हे निदान नाहीच, ती नुसती तक्रार आहे. बंद कधी पडतं? दोरी ओढल्यावर तीन-चार सेकंदांत, चोक काढताक्षणी, वीस मिनिटं कापून झाल्यावर, की उंच गवतात शिरल्यावर? प्रत्येकाचं कारण वेगळं.

तीन-चार सेकंदांत बंद पडणारं मशीन पहिल्या घोटावर चालतं आणि पुढचं पेट्रोल येत नाही म्हणून थांबतं. इथे कार्बोरेटरकडे बोट दाखवणं चूक नाही, पण दोष बहुतेक वेळा त्यातल्या एका भोकाचा असतो. प्लगची टोपी काढून ठेवा, पेट्रोल बंद करा, खाली भांडं धरा आणि कार्बोरेटरच्या खालची वाटी सोडवा. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ती वाटी धरणारा बोल्टच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, असतो. तो उजेडासमोर धरा. भोकातून उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर आजार हातात सापडला. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, भोकातून अलगद फिरवा, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा. स्टीलची सुई घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की मशीन जन्मभर काळा धूर ओकतं. बोल्टमध्ये आडवं भोकही असतं, ते विसरलात तर सगळं परत उघडावं लागेल.

हे अर्ध्या तासाचं काम आहे. ‘साफ करत बसू नका’ हा सल्ला मला म्हणूनच खटकतो.

वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या मशीनची गोष्ट मात्र निराळी. जेट बुजलेला असता तर ते वीस मिनिटं नीट कापत राहिलंच नसतं. माझ्याकडे असं एक मशीन आलं होतं, त्याला दोन कार्बोरेटर बसवून झाले होते. बंद पडल्या पडल्या मी टाकीचं झाकण जरा सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली आणि पुढच्या दोरीला मशीन चालू! झाकणात हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, ते मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरणं थांबतं. दुरुस्तीला खर्च शून्य, वेळ एक मिनिट.

झाकण सैल करूनही फरक पडला नाही, तर गरम असतानाच प्लगची ठिणगी तपासा. गरम झाल्यावर ठिणगी गायब आणि थंड झाल्यावर परत हजर, असं असेल तर इग्निशन कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या भागावर, संशय घ्या. झाकणाचा दोष आणि कॉइलचा दोष बाहेरून अगदी सारखे दिसतात, थोडा वेळ थांबलं की दोन्ही मशीनं पुन्हा चालू होतात. म्हणून तपासायचं ते बंद पडल्याबरोबर.

आता प्लग. इंजिन चालू झालं याचा अर्थ प्लगने निदान तेवढा वेळ तरी ठिणगी दिली. तरीही तो जरूर काढा, पण फेकायला नाही, बघायला. मशीन बंद पडल्यावर प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर जास्त येतंय. काळी काजळी म्हणजे चोक अडकलाय किंवा फिल्टर कोंदलाय. नवा प्लग टाकून जुना कचऱ्यात गेला की साक्षीदारच गेला. प्लगच्या दोन टोकांमधला गॅप साधारण ०.७६ मिमी असतो, तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघून घ्या.

चोक ओढला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. म्हणजे चोकवर चालणारं मशीन सांगतंय की पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. आधी नट आवळून बघा. याच जोडीला फिल्टर काढायचा सल्ला म्हणजे कमालच: चोकने हवा अडवायची आणि फिल्टर काढून वाट मोकळी करायची! शिवाय गवत कापताना उडणारी धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. कोंदलेला कागदी फिल्टर बदला, स्पंजचा असेल तर साबणाने धुऊन, वाळवून, तेलाचा हात लावून बसवा.

फिल्टरवरून आठवलं. मशीन कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. मी एकदा उलटं केलं आणि तेल फिल्टरमध्ये उतरलं. मग ढगासारखा धूर, आणि मशीन पुन्हा बंद.

राहिलं पेट्रोल. ते खराब होतं, टाकी बंद असली तरी. त्यातले हलके घटक उडून जातात, राहिलेलं वॉर्निशसारखं वास मारतं आणि जेटमध्ये चिकट थर धरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. फार पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि जेट पेट्रोल घेतो ते वाटीच्या तळाजवळूनच. वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवा. खाली वेगळा थर किंवा गोळ्या दिसल्या, तर टाकीसकट सगळं काढा. नाहीतर नव्या कार्बोरेटरलाही तेच पाजाल. पेट्रोल महिनाभरात संपेल एवढंच आणावं, आणि हंगाम संपल्यावर टाकी आणि वाटी रिकामी करून ठेवावी.

कार्बोरेटर खरंच जातो का? जातो. वाटी उघडल्यावर आतल्या ॲल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी पूड धरली असेल आणि खड्डे पडले असतील, किंवा थ्रॉटलचा (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दांडा आपल्या भोकात डुगडुगत असेल, तर खुशाल नवा आणा.