डायल-अप आणि लिनक्स: दोष नेमका कोणाचा?

डायल-अपचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे येते: लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर फोनच्या तारेवरचे इंटरनेट कधी धड चाललेच नाही, मोडेम (संगणक फोनच्या तारेला जोडणारे उपकरण) ओळखला जात नसे, ओळखला गेलाच तर वेग निम्मा मिळे, जोडणी लागूनही पाने उघडत नसत, आणि विंडोजवर मात्र हेच सारे आपोआप होई. यातील तक्रारी काल्पनिक नाहीत, पण त्यांचे खापर भलत्याच्याच माथी फोडले गेले आहे.

सीरिअल पोर्टला जोडायच्या बाह्य मोडेमला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, लागतच नसे. या पोर्टचे नाव विंडोजवर कॉम१, तर लिनक्सवर टीटीवायएस०. मिनिकॉम हा मोडेमशी बोलण्याचा प्रोग्राम उघडून ‘एटी’ ही आज्ञा टंकली आणि मोडेमकडून ‘ओके’ आले की पुढे नंबर फिरवायचा तेवढा उरे. रखडत असे तो विनमोडेम. संगणकाच्या आत बसणाऱ्या या कार्डांतून खर्च वाचवण्यासाठी नियंत्रक चिप आणि पुष्कळदा सिग्नल प्रक्रियेचा भागही गाळलेला असे. ते काम संगणकाच्या प्रोसेसरने करायचे, आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर उत्पादक बहुधा फक्त विंडोजसाठीच देत, चिपचा तपशील मात्र गुलदस्त्यात ठेवत. ल्यूसेंटच्या चिपसाठी पुढे एलटीमोडेम हा ड्रायव्हर उपलब्ध झाला, तरी त्याचा गाभा बंदिस्तच असल्याने कर्नल (प्रणालीचा मूळ भाग) बदलला की ड्रायव्हर नव्याने बांधत बसावे लागे. हा मनस्ताप खराच होता. पण त्यासाठी मुक्त प्रणालीला दोषी धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

वेगाचा आक्षेप थोडक्यात निकाली निघतो. व्ही.९० या मोडेम मानकाचा ५६ केबीपीएस हा कमाल वेग होता. प्रत्यक्षातला वेग दोन टोकांचे मोडेम तारेचा दर्जा पाहून आपसात ठरवत, आणि सामान्य मोडेमच्या बाबतीत त्या वाटाघाटीत प्रणालीला स्थानच नव्हते. अपवाद पुन्हा विनमोडेमचाच: कोनेक्झंट चिपसाठीचा लिनक्संट कंपनीचा विनामूल्य ड्रायव्हर १४.४ केबीपीएसवर अडवलेला होता आणि पूर्ण वेगासाठी पैसे मोजावे लागत.

‘जोडणी लागते, पाने उघडत नाहीत’ ही तक्रार अधिक लक्ष देण्याजोगी आहे, कारण तिच्यामागे सहसा दोनच कारणे असत. आयपी पत्त्याला (संगणकाच्या अंकी पत्त्याला) पिंग, म्हणजे जोडणी तपासणारा संदेश, पोचतो पण संकेतस्थळाच्या नावाला पोचत नाही, असे दिसले तर रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलीत डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा संगणक, लिहिलेला नाही हे उघड होते. पुढे फोनवरची जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रामला ‘यूजपीअरडीएनएस’ हा पर्याय दिला की तो पत्ता सेवादात्याकडून आपोआप मिळू लागला. दोन्ही पिंग अडले तर आधीपासून इथरनेट कार्डाच्या नावे लागलेला डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या माहितीचा ठरलेला मार्ग, तपासायचा. पीपीपीडी तो रूट स्वतःहून बदलत नसे, आणि तसे लॉगमध्ये स्पष्ट नोंदवतही असे. ती नोंद वाचण्याची तसदी किती जणांनी घेतली, हा वेगळा प्रश्न आहे.

राहिला आपोआप होण्याचा मुद्दा. विंडोज ३.१ मध्ये टीसीपी/आयपी (इंटरनेटवरच्या संवादाचे नियम राबवणारे सॉफ्टवेअर) अंगभूत नव्हते. त्यासाठी ट्रम्पेट विनसॉकसारखे बाहेरचे सॉफ्टवेअर बसवावे लागे. ती सोय विंडोज ९५ मध्ये आली. लिनक्सवर १९९८ च्या केडीई १.० या डेस्कटॉपसोबत केपीपीपी हे डायल-अप जोडणीचे सॉफ्टवेअर आले, आणि त्याच्या खिडकीत फोन क्रमांक, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड भरून बटण दाबणे हे विंडोजपेक्षा काही फार निराळे काम नव्हते.