ओलेत्याचं सोवळं

जपानी लाकडी ठशांची चित्रं म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे होकुसाई या चित्रकाराची ती लाट येते. कपावर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरावर आणि २०२४ पासून तर हजार येनच्या नोटेच्या पाठीवरसुद्धा. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘‘लाकूड कोरणं फार अवघड असेल, नाही?’’ अवघड आहेच. पण कोरणारा होरिशी ठसा हातात देतो, पटाशी-मोगरी गुंडाळतो आणि सुटतो. साडेसाती लागते ती छापणाऱ्यांना, म्हणजे आम्हा सुरिशींना. आमच्या शनीचं नाव ओल.

कागद ओला लागतो. ओला म्हणजे भिजलेला नव्हे. गालाला लावला तर गार वाटावा, पण गाल ओला होऊ नये, इतपत. ओलाव्याने कागदातले कोझो या झाडाच्या सालीचे लांब धागे मऊ पडतात आणि रंग वर न बसता आत मुरतो. त्याआधी कागदाला ‘दोसा’ लावलेला असतो. चटणीची चौकशी करू नये, हा दोसा सरस आणि तुरटीच्या पाण्याचा. तो नसेल तर रंग शाईच्या डागासारखा फुटत जातो.

भिजवणं हा स्वतंत्र विधी आहे. एकाआड एक कागदावर रुंद ब्रशने पाणी फिरवायचं, गठ्ठा रचायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर फळी ठेवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. पाणी गठ्ठ्यात आपसांत वाटणी करून घेतं. भावकीतल्या बहुतेक वाटण्यांपेक्षा ही समान होते, पण कडेच्या कागदांची तक्रार राहतेच.

इथून पुढे सोवळं सुरू. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रंगापर्यंत गठ्ठा ओलेत्यानेच राहिला पाहिजे. दोनशे प्रती आणि दहा रंग असतील तर दोन हजार वेळा कागद उचलायचा, ठेवायचा, घासायचा, काढायचा. तेवढ्या दिवसांत तो वाळता कामा नये, कारण वाळला की आखडतो आणि आखडला की केन्तो चुकतो.

केन्तो म्हणजे प्रत्येक ठशावर कोरलेल्या दोन खाचा. उजव्या कोपऱ्यात काटकोनी ‘कागी’, त्याच काठाला डावीकडे सरळ ‘हिकित्सुके’. कागदाचा कोपरा कागीत टेकवायचा, कड हिकित्सुकेला लावायची आणि उरलेला कागद अलगद सोडायचा. खाचेची खोली जेमतेम कागद अडण्यापुरती. सगळ्या ठशांचे रंग एकमेकांवर बसतात ते या दोन खाचांच्या भरवशावर. कागद एक मिलिमीटर आखडला तरी सुंदरीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीकडे सरकतो आणि ती नुकतंच पान खाऊन आल्यासारखी दिसते. मग खाच केसभर तासा, नाहीतर तिच्यात लाकडाची कपची चिकटवा. हा इलाज ठशाचा, दुखणं मात्र कागदाचं. त्यात ठसाही पाणी पितो. यामाझाकुरा, म्हणजे डोंगरी चेरीचं लाकूड कितीही घट्ट असलं तरी सकाळी कोरडं असताना एक माप दाखवतं आणि दुपारी ओलं झाल्यावर दुसरं. चुकलेला रंग पाहून लोक आम्हाला दोष देतात. लाकूड काही बोलत नाही, कागद तर त्याहून नाही.

ठशावर रंगासोबत भाताची खळ घालतात, रंगाचे दोन ठिपके आणि खळीचा एक छोटा थेंब. घोड्याच्या केसांच्या ब्रशने ते गोल फिरवून एकजीव करायचं आणि शेवटचे हात हलके, लाकडाच्या रेषांच्या दिशेने द्यायचे. खळ कमी पडली तर सपाट रंगात पांढरे ठिपके उठतात. त्यांना ‘गोमा’ म्हणतात, म्हणजे तीळ. या तिळांबरोबर गूळ मिळत नाही, आणि यांनंतर कोणी गोडही बोलत नाही. खळ जास्त झाली तर ती कोरलेल्या रेघांच्या कडांना साचते आणि बारीक केस जाड होतात. उन्हाळ्यात ती आंबते, ते वेगळंच.

आकाश छापायचा दिवस आम्ही कोणाशी भांडण न काढता घालवतो. वरच्या कडेला गडद निळा आणि खाली विरत जाणारा, याला ‘बोकाशी’ म्हणतात. ठशावर ही छटा कोरलेली नसते, ठसा नुसता सपाट असतो. ओल्या फडक्याने तो पुसायचा, ब्रशच्या एका टोकाला रंग, दुसऱ्याला पाणी, आणि आडवा हात मारत जायचा. रंग कुठे संपला ते दिसलं की बोकाशी फसली. हे प्रत्येक कागदासाठी नव्याने करायचं. पन्नासेक कागदांनंतर निळा लाकडात मुरून हळूहळू खाली उतरू लागतो, जे आकाश सकाळी निरभ्र होतं त्यात संध्याकाळ होते. मग ठसा धुवा आणि पुन्हा पहिल्यापासून. लाटेतला तो निळा प्रशियन निळा, जपानी लोक त्याला ‘बेरो-आई’ म्हणतात. त्या चित्रात रेघासुद्धा काळ्या नाहीत, निळ्याच आहेत.

रंग कागदात उतरवतो तो ‘बारेन’. दिसायला तळहाताएवढी चकती, आत बांबूच्या सालीच्या पिळलेल्या दोरीचं वेटोळं, बाहेरून बांबूच्या कोंबावरच्या सालीचं घट्ट वेष्टन. मांडी घालून, पुढे उतरत्या पाटासमोर बसायचं आणि जोर मनगटाचा नव्हे, खांद्यापासून अख्ख्या अंगाचा द्यायचा. मधूनमधून कामेलियाचं तेल पुसलेल्या गादीवर बारेन फिरवून घ्यायचा, नाहीतर साल कागदावर अडखळते. साल झिजून फाटते ती हमखास गडद रंगाच्या मध्यावर. मग नवी साल भिजवा, ताणून गुळगुळीत करा, कडा वळवा, दोन्ही टोकं पाठीवर पिळून बांधा. बांधताना सुरकुती राहिली तर ती पुढच्या प्रत्येक कागदावर आपली सही करते.

तोवर गठ्ठ्याच्या कडा वाळू लागलेल्या असतात. मधे दमट कागद घालून त्यांची समजूत काढायची. थंडीत हीटर लावावा तर कागद वाळतो, न लावावा तर बोटं वळत नाहीत. आणि जून-जुलैच्या पावसाळ्यात उलटीच तऱ्हा. ओल आपोआप टिकते, पण तिसऱ्या दिवशी गठ्ठ्याला लोणच्यासारखी बुरशी धरते. त्यावर आधुनिक तोडगा आहे फ्रीजर. अर्धवट छापलेलं आकाश प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोवळ्या सोयाबीनच्या शेंगांच्या पाकिटांशेजारी ठेवायचं, आणि सकाळी बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच उघडायची नाही. घाई केली तर गार कागदांवर हवेतलं पाणी बसतं, आणि कालचे कोरडे पडलेले तेच कडेचे कागद आज चिंब.